साडेचार किलो

गेल्या वर्षी महिला दिनाच्या कार्यक्रमात माझ्या हातून एक पाप घडलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, उलट कार्यक्रम झकास झाला म्हणून माझं कौतुकच झालं.

आमच्या मंडळानं वजन उतरवण्याची स्पर्धा ठेवली होती. कल्पना माझीच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 22 जणींची वजनं वहीत लिहून घेतली आणि मार्चमध्ये सगळ्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं. वही माझ्या हातात, माइकही माझ्याच हातात. पहिलं बक्षीस 11 किलोंना, दुसरं 9 किलोंना. बक्षिसं दिल्यावर मी उरलेली नावं वाचत गेले. त्यात माझी धाकटी जाऊ. डिसेंबरात 88 किलो, मार्चमध्ये साडेत्र्याऐंशी. मी म्हटलं, "साडेचार किलो." तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "अहो, एवढं तर पाटल्या-बिल्वर काढून ठेवले तरी उतरेल की!" हॉलभर हशा पिकला. मीही हसले. माइकमधून माझं हसू सगळ्या हॉलला ऐकू गेलं, शेवटच्या रांगेत बसलेल्या जावेलाही.

एप्रिलपासून तिचं फिरणं बंद झालं. विचारलं तर म्हणायची, "ऊन लई आहे अक्का." मग पाऊस आला, मग दशलक्षण आलं, मग दिवाळी. दिवाळीनंतर तिला चक्कर आली म्हणून मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जुने कागद चाळले आणि म्हणाल्या, "मार्चमध्ये किती छान होता तुम्ही! शुगर खाली आली होती, बीपी उतरलं होतं. मी म्हटलंही होतं, असंच चालू ठेवा, गोळीची गरज पडणार नाही. मधे काय झालं?"

जाऊ पदराशी चाळा करत राहिली, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. वजन 89, शुगरची गोळी सुरू.

त्या साडेचार किलोंनी तिच्या अंगात काय केलं होतं, ते तिला माहीत होतं, डॉक्टरीणबाईंना माहीत होतं. फक्त वही घेऊन उभ्या असलेल्या मला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख, आणि म्हणून यातला राग आधी माझ्यावर आहे, मग तुमच्यावर.

बायांनो, आपल्याला कुणी शिकवलं की वजन उतरवायचं तर वीस किलो, नाहीतर नको? जाडी बाई बारीक झाली तरच ती काही मिळवते, मधलं काही नसतंच, हे आपल्या डोक्यात कुणी भरलं? मला विचाराल तर दोघांनी. एक जाहिरातवाल्यांनी. डावीकडे ढगळ ड्रेसातली रडवेली बाई, उजवीकडे तीच हसरी, जीन्सचा जुना पट्टा हातभर पुढे ताणून. आणि दुसरं, आपल्याच नातेवाइकांनी. लग्नात भेटल्यावर पहिला प्रश्न "बरी आहेस ना?" असा नसतो, तर "काय गं, सुटलीस की!" असा असतो. चार किलो उतरवून गेलीस तर म्हणणार, "डाएट करतेस म्हणे, काही फरक दिसत नाही." दिसत नाही! फरक कुठे पडलाय हे बघायला यांच्याकडे डोळे नाहीत, आणि दिसेल तेवढंच खरं मानायची सवय.

आता जे दिसत नाही ते सांगते. मी कलाशाखेची पदवीधर, डॉक्टर नाही. पण दिवाळीनंतरचा महिनाभर मी एवढंच वाचलं आणि डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून हैराण केलं.

अमेरिकेत 3234 माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, जाड अंगाची माणसं. 2002 साली त्याचे आकडे छापून आले. एका गटाला नेहमीची औषधाची गोळी दिली, एका गटाला नावापुरती गोळी, आणि तिसऱ्या गटाला सांगितलं, वजनाच्या 7 टक्के उतरवा आणि आठवड्याला 150 मिनिटं चाला. तीन वर्षांच्या आसपास हे चाललं. औषधाच्या गोळीनं मधुमेह होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी घटलं. चालणाऱ्या-जेवण सांभाळणाऱ्यांत ते 58 टक्क्यांनी घटलं, आणि साठी उलटलेल्यांत तर 71. आता मुद्द्याचं ऐका. या तिसऱ्या गटाचं वजन सरासरी किती उतरलं होतं? वीस किलो नव्हे, दहाही नव्हे. साडेपाच किलोंच्या आसपास. ती माणसं नव्वदीच्या घरातली होती आणि नंतरही जाडच होती. आमच्या हॉलमध्ये असती तर त्यांच्यावरही पाटल्या-बिल्वरांचा विनोद झाला असता. पुढे त्याच आकड्यांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे मधुमेहाचा धोका 16 टक्क्यांनी कमी. प्रत्येक किलोमागे! आपण मात्र पहिल्या पाच किलोंना शून्य धरतो.

असं का होतं, तर सुरुवातीला उतरणाऱ्या चरबीत आतली चरबी पुष्कळ असते. यकृतात साठलेली, आतड्यांभोवतीची. तीच शुगरचा घोळ घालते. यकृतावरची चरबी वजन तीन ते पाच टक्के उतरलं तरी कमी व्हायला लागते. दंड, मांड्या, हनुवटी, म्हणजे नातेवाइकांना दिसणारं सगळं, ते जागच्या जागी राहतं. आरसाही यात नातेवाइकांच्याच पक्षातला.

रक्तदाबाचं म्हणाल तर साधारण एका किलोमागे एक अंश उतरतो असं धरतात. ऐकायला थोडं, पण गोळीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईला चार-पाच अंश पुष्कळ.

गुडघ्यांचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. 2018 च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या. आमच्या गाडीतल्या निम्म्या बायका खालूनच हात जोडून परत फिरल्या, एक आत्या डोलीत बसल्या आणि वरपर्यंत डोळे मिटून होत्या, भक्तीनं नव्हे, लाजेनं. गुडघ्यांच्या दुखण्यावर जे अभ्यास झाले त्यात असं मोजलंय की अंगावरून एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. म्हणजे माझ्या जावेच्या गुडघ्यावरून दर पावलाला अठरा किलो उतरले होते. अठरा किलो म्हणजे अर्ध्या पोत्याहून थोडं कमी धान्य. व्हॅक्सिन डेपोच्या एका फेरीत किती पावलं होतात, हिशेब तुम्हीच करा.

आता एक गोष्ट जी मंडळात कुणी बोलत नाही, आणि मी लिहिणार म्हटल्यावर घरातल्यांनीही भुवया उंचावल्या. शिंकताना, खोकताना, मोठ्यानं हसताना, बादली उचलताना लघवीचे थेंब जाणं. तुमच्यातल्या किती जणी प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात? किती जणी बस्तीत शास्त्र ऐकायला दाराजवळच बसतात, मधेच उठता यावं म्हणून? किती जणी पुजेला सोवळ्यानं बसायलाच नको म्हणतात आणि कारण गुडघ्याचं सांगतात? मला ठाऊक आहे, कारण दहा वर्षं मीही गुडघ्याचंच कारण सांगितलंय. आपल्याला वाटतं बाळंतपणं झाली, वय झालं, भोगायचं. पण यावरही अभ्यास झालेला आहे, अमेरिकेतच, 338 जाड बायकांवर, 2009 साली छापलेला. सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी 8 टक्के उतरलं, आणि कपडे ओले होण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना नुसती माहिती दिली होती त्यांच्यात 28 टक्क्यांनी. म्हणजे निम्म्याच्या आसपास फरक, ना ऑपरेशन, ना गोळी. आठ टक्के म्हणजे ऐंशी किलोंच्या बाईचे साडेसहा किलो. पाहुण्यांना तो फरक दिसणार नाही. पण त्या बाईला लेकीच्या लग्नात मोकळं हसता येईल. तुमच्या त्या जीन्सच्या पट्ट्याशी याची तुलना करा आणि सांगा, बक्षीस कशाला द्यायचं.

आमच्या स्पर्धेत ज्यांना 11 किलोंचं बक्षीस मिळालं त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांनी तीन महिने लिंबूपाणी आणि पातळ सुपावर काढले, केसांचे पुंजके गळायला लागले, घरात चिडचिड. दिवाळीपर्यंत अकराचे तेरा होऊन परत आले. दोष त्यांचा नाही. आम्ही बक्षीसच असं ठेवलं होतं की उपाशी राहील तीच जिंकेल.

आणि उपाशी राहण्याचं कौतुक आपल्याला नवं थोडंच आहे! इथे मी जरा नाजूक जागी हात घालते आहे, मोठ्यांनी सांभाळून घ्यावं. दशलक्षणात आठ-दहा दिवसांचे उपवास करणाऱ्यांची आपण वाजतगाजत मिरवणूक काढतो. काढावी. मी त्यांच्या पाया पडते. पण आपल्याकडे बाह्य तपं सहा सांगितली आहेत. अनशन पहिलं, आणि त्याच्या लगेच मागे दुसरं अवमौदर्य, ज्याला आपण ऊनोदर म्हणतो. भुकेपेक्षा कमी जेवणं. शास्त्रात पुरुषाचा पोटभर आहार बत्तीस घास आणि बाईचा अठ्ठावीस घास धरलाय, आणि त्यातला एक घास कमी केला तिथपासून हे तप सुरू होतं. एक घास! या तपाची मिरवणूक कुणी काढलेली मी पाहिलेली नाही. सत्तावीस घासांवर उठणाऱ्या बाईला कुणी हार घालत नाही, उलट "आवडलं नाही वाटतं?" म्हणत अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा तिच्या ताटात वाढतात.

काही जण म्हणतील, तप कर्मनिर्जरेसाठी असतं, वजनासाठी नव्हे. धर्माचा डाएट करू नका. बरोबर आहे. वजन उतरावं म्हणून केलेलं कमी जेवण हे तप नाही, एवढं मलाही कळतं. माझं म्हणणं उलट्या बाजूचं आहे. ज्या समाजानं एक घास सोडण्याला तपाच्या यादीत दुसरं स्थान दिलं, त्याच समाजातल्या आम्ही बायका साडेचार किलोंना हसतो, हे कुठे शिकलो? थोडं आणि रोज, याची किंमत ओळखणारं डोळस मोजमाप आपल्या घरातच होतं. ते टाकून आपण जाहिरातवाल्यांचा काटा उचलला.

शिवाय नियम पाळूनही जाड कसं व्हायचं यात आपल्याइतकं तरबेज कुणी नाही. कंदमूळ नको म्हणून बटाट्याची भजी नाहीत, पण कच्च्या केळ्याची परातभर. रात्री जेवायचं नाही म्हणून दिवस मावळायच्या आत घाईघाईनं दुप्पट. पारण्याला शेंगाच्या पोळ्या, वर तूप. पाहुणे आले की कुंदा, पाहुणे गेले की उरलेला कुंदा. आणि हे उरलेलं कोण संपवतं? अन्न टाकायचं नाही हे आपलं बाळकडू. फार चांगलं. पण मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, सासऱ्यांनी सोडलेला भात, पातेल्याच्या तळाची आमटी, हे सगळं कचऱ्यात जाऊ नये म्हणून घरातल्या बाईच्या पोटात जातं. म्हणजे कचऱ्याचा डबा कोण झालं? अन्न टाकायचं नसेल तर कमी शिजवा! पुरुषांना सांगा, हवं तेवढंच वाढून घ्या. हे सांगायला आपली जीभ उचलत नाही आणि मग रात्री आपण आपल्याच पोटाला नावं ठेवतो. आमच्या घरात मी भाताचं माप एका वाटीनं कमी केलं. आठवडाभर कुणाला कळलंही नाही.

खोटी आशा मला लावायची नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. आधीच मधुमेह असलेल्या पाच हजारांवर माणसांवर अमेरिकेत वर्षानुवर्षं असाच अभ्यास चालला होता. वजन उतरल्यानं हृदयविकाराचे झटके कमी होतील अशी आशा होती. ते झालं नाही, आणि 2012 मध्ये तो प्रयोग थांबवला. झोप, चालणं-फिरणं, मूत्रपिंड यांना मात्र फायदा दिसला. तेव्हा साडेचार किलो म्हणजे अमृत नव्हे. काही जणींना औषध लागतं, काहींना ऑपरेशनही लागतं, त्यात कमीपणा नाही. चालू असलेली गोळी आपल्या मनानं तर कुणीच सोडू नका. आणि उतरलेलं वजन परत चढू पाहतं, हा शरीराचा स्वभाव आहे. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून बायकांना झोडपणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

उलटही आहे. चेन्नईला 531 भारतीयांवर झालेल्या अभ्यासात (2006 साली तो छापला गेला) चालणं आणि जेवणातला बदल यांनी मधुमेहाचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं. आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं! ही माणसं आमच्या स्पर्धेत असती तर मी त्यांच्या नावापुढे पूज्य मांडलं असतं आणि पुढच्या नावाकडे वळले असते.

आपण हिंदुस्थानी माणसं थोड्या वजनातही आजारी पडतो, म्हणून आपल्या डॉक्टरांनी आपली मापं वेगळी ठरवली आहेत. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की जपायचं. साडेएकतीस इंच. टेप नसेल तर परकराची नाडी घ्या, गाठ कुठे बसते त्यावर दर महिन्याला खूण करा. ती खूण अर्ध्या इंचानं सरकली तर तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 24 टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. आम्ही पन्नाशी ओलांडलेल्या तर त्या मोजणीतही नव्हतो. म्हणजे आमची नाडी आम्हीच मोजायची.

यंदा फेब्रुवारीत मंडळाची बैठक झाली. पुन्हा स्पर्धा ठेवायची सूचना आली, कारण गेल्या वर्षी 'मजा आली'. मी विरोध केला. म्हटलं, ठेवायचीच असेल तर किलोंची नको. सहा महिने आठवड्यातले पाच दिवस कोण चाललं ते बघा, आणि बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना सारखं द्या. एक जण म्हणाल्या, "मग त्यात स्पर्धा ती काय राहिली?" दुसऱ्या म्हणाल्या, "तुमच्या जावेचं झालं म्हणून तुम्हाला लागलंय." हो, लागलंय. मी तेही बैठकीत कबूल केलं, आणि माइकमधून कोण हसलं होतं तेही. ठराव बारगळला, पण स्पर्धाही बारगळली. मंडळाचा वजनकाटा अजून माझ्या कपाटात आहे. दोनदा मागणी झाली. मी दिलेला नाही आणि देणारही नाही, हवं तर माझ्या वर्गणीतून नवा घ्या.

मार्चपासून मी रोज पहाटे जावेच्या दाराशी जाऊन उभी राहते. पहिले आठ-दहा दिवस ती आलीच नाही. आतून म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं." मग एक दिवस चपला घालून बाहेर आली. आता आम्ही व्हॅक्सिन डेपोला तीन फेऱ्या मारतो, मी डावीकडून, ती उजवीकडून. भाजीचे भाव बोलतो, मुलांचं बोलतो. त्या हॉलमधल्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही. तिचं वजन किती झालं ते मी विचारत नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे ती एकटीच जाऊन आली, येताना कोपऱ्यावरून माझ्यासाठी दोन पेरू घेऊन आली.